मांडीच्या हाडातला खिळा : कारागिराच्या नजरेतून

वालावल म्हटले की लक्ष्मीनारायणाचे मंदिर, तलाव आणि कर्ली नदीच्या काठची माडा-पोफळीची बागायत आठवते. पण या बागायतीत रोजंदारीवर झाडावर चढणारे, चिऱ्याच्या भिंती बांधणारे, मोटारसायकलला टोपल्या बांधून मासळी विकणारे लोकही आहेत आणि त्यांचे सारे भांडवल म्हणजे दोन पाय. माडावरून पडले, परांची निसटली किंवा महामार्गावर गाडीने ठोकरले, की बऱ्याचदा मोडते ते मांडीचे हाड. शरीरातले हे सर्वांत लांब आणि मजबूत हाड. पूर्वी पायाला वजन लटकावून माणूस दीड ते तीन महिने खाटेवर पडून असे. म्हणजे आंब्याचा किंवा बांधकामाचा एक मोसम गेलाच. आता हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा घालतात आणि बहुतेक रोगी काही दिवसांतच वॉकर घेऊन उभे राहतात.

हे काम डॉक्टरांचे खरे. पण त्यामागची युक्ती आमच्या सुतार, फिटर आणि टर्नर बांधवांना चटकन पटण्यासारखी आहे.

मांडीचे हाड बांबूसारखे पोकळ असते. बाहेरून कठीण नळी, आत मगज. मोडलेल्या बांबूला बाहेरून पट्टी मारली तर वाकताना सारा ताण एका अंगावर येतो. तोच दांडा आतून, मधोमध घातला तर भार हाड आणि दांडा वाटून घेतात. हाडाला बाहेरून पट्टी लावण्याची पद्धतही आहे आणि सांध्याजवळच्या मोडीला ती लागते. मधल्या दांड्याच्या मोडीला मात्र खिळाच सरस ठरला आहे.

ही पद्धत रूढ केली जर्मनीतील कील शहराचे सर्जन गेरहार्ड कुंट्शर यांनी. 1939 साली त्यांनी पहिला खिळा बसवला आणि 1940 साली बर्लिनच्या सर्जनांच्या सभेत ती मांडली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. हाडाच्या मगजात हात घालायचा म्हणजे काय! पुढे महायुद्ध संपल्यावर जर्मनीच्या कैदेतून सुटलेले अमेरिकी सैनिक मांडीत खिळा घेऊन घरी परतले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना एक्स-रे पाहून नवल वाटले. हाडे बसवण्याची विद्या आपल्याकडेही जुनीच. कुर्तुब्याच्या अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे दिली आणि हाडमोडीवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. हाताच्या हाडांसाठी भारतात वापरला जाणारा चौकोनी खिळा तर ‘तळवलकर नेल’ या मराठी नावानेच ओळखला जातो.

कुंट्शर यांचा खिळा लांबीत चिरलेला होता. ठोकताना तो दाबला जाई, आत गेल्यावर स्प्रिंगसारखा फुलून हाडाला घट्ट धरी. हाडाचे दोन-चार तुकडे झाले असतील तर मात्र ही पकड पुरत नसे. पाय आखूड होई किंवा पाऊल फिरे. उपाय फिटरला सांगायला नको : शाफ्टला आरपार पिन! 1970 नंतरच्या दशकात खिळ्याच्या दोन्ही टोकांना भोके ठेवून हाडातून आडवे स्क्रू घालण्याची पद्धत रुळली. वरच्या स्क्रूंना बाहेरून जिग लावता येतो. खालची भोके मात्र खिळा आत जाताना किंचित वाकत असल्याने जिगने अचूक सापडतीलच असे नाही, म्हणून एक्स-रेच्या पडद्यावर पाहून ड्रिल मारतात.

आता जाडीचा हिशेब. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 10 मिलिमीटरऐवजी 12 मिलिमीटरचा दांडा घेतला तर तो दुपटीहून थोडा अधिक ताठ होतो. म्हणून सर्जन रीमरने पोकळी थोडी थोडी मोठी करत खिळ्याच्या मापाहून साधारण एक-दीड मिलिमीटर जास्त नेतात. रीमर बोथट असेल तर हाड तापते. लाकडात बोथट गिरमिट चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

एवढे असूनही खिळा तुटतो. ही गोष्ट आमच्या लोकांना कोणी नीट समजावत नाही. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. 70 किलोच्या माणसात तो पावणेदोनशे किलो होतो. त्या पायावर दिवसाला दोन हजार पावले धरली, तरी तीन महिन्यांत 1 लाख 80 हजार हेलकावे झाले. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हाड न जुळल्यास खिळा भोकापाशी थकून तुटतो. म्हणजे ही हाड जुळणे आणि धातू थकणे यांच्यातली शर्यत आहे. हाड जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. विडी, सिगारेट आणि तंबाखू ही मुदत वाढवतात. मधुमेह आवाक्यात नसेल तरी तेच.

आमच्या ओळखीतल्या एका गवंड्याने डॉक्टरांना पहिला प्रश्न केला होता, “परत परांचीर कधी चढूक गावतला?” दुसरा होता सजद्याचा. उत्तर मिळाले की, एक्स-रेत हाड भरलेले दिसेपर्यंत ओझे नाही, चढणे नाही. नमाज खुर्चीवर बसून. हा माणूस दोन महिन्यांत दुखत नाही म्हणून चिरे उचलायला गेला आणि आडवा स्क्रू तुटला. दुखणे थांबणे म्हणजे हाड जुळणे नव्हे.

खरेदीच्या बाजूचेही थोडे. खिळे मुख्यतः दोन धातूंचे : 316एल जातीचे स्टेनलेस स्टील, ज्यात क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम असते, किंवा टायटॅनियमची मिश्रधातू. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण निम्मा. महाग म्हणून तेच हवे असा हट्ट नको. दोन्हींनी हाडे चांगली जुळतात. बिलावर खिळ्याची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक मागून घ्या. पाकिटावरचे स्टिकर केसपेपरला चिकटवलेले असते, त्याची नक्कल जवळ ठेवा. पुढे खिळा काढायची वेळ आली तर सर्जनला त्याच बनावटीचे हत्यार लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा शस्त्रक्रिया येतात. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला गाठावे.

कुडाळ एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या एखाद्याला वाटेल, हा दांडा आपणही काढू. हुनर आहे, पण 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे असे रोपण ‘क’ वर्गात मोडते आणि त्याला केंद्राचा परवाना लागतो. रोपणासोबतची साधी हत्यारे, जिग आणि ट्रे यांचे जॉबवर्क परवाना असलेल्या कारखान्याकडून मिळते का, ही चौकशी आधी करावी.

आणि कोणी पडलाच, तर चोळू नका, ओढू नका. मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते, बाहेर थेंबही न दिसता. फळी लावून मोडका पाय दुसऱ्या पायाला बांधा आणि ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठा.