अडथळ्यांची शर्यत आणि ललिता बाबर

‘अडथळ्यांची शर्यत’ हा शब्दप्रयोग आपण दोन भिन्न शर्यतींसाठी सर्रास वापरतो. हर्डल्समधील अडथळा धक्का लागताच कलंडतो. स्टीपलचेसमधील जड अडथळा जागचा हलत नाही, शिवाय ३००० मीटरमध्ये पाण्यावरील ७ उड्या घ्याव्या लागतात. सांगलीच्या आटपाडीलगतच्या, साताऱ्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर या दुसऱ्या शर्यतीच्या धावपटू. (पाण्यावरून उड्या, त्याही माणच्या कन्येच्या!) २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम नोंदवून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या व दहाव्या आल्या. १९८४ मध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या पी. टी. उषा यांची शर्यत मात्र ४०० मीटर हर्डल्सची होती. दोघींविषयी लिहिताना शर्यतीचे नेमके नाव द्यावे.