जुन्या ट्रॅक्टरची चेन

रबरी चाकांचा ट्रॅक्टर आपण नेहमी पाहतो. दुसरा एक ट्रॅक्टर असतो, त्याला दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे असतात. तो सुरवंटासारखा सरकत जातो. आपल्याकडे त्याला चेनचा ट्रॅक्टर म्हणतात. पुढे मोठे पाते लावले की तोच डोझर.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. अमेरिकन फौजेचे असे ट्रॅक्टर आपल्या देशात मागे राहिले. १९४७ साली केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली आणि ते जुने ट्रॅक्टर कामाला लावले. मध्य प्रदेशाकडे कांस नावाच्या गवताने हजारो एकर जमीन पडीक पाडली होती. कांसाची मुळे फार खोल. बैलांच्या नांगराला ती दाद देत नाहीत. चेनच्या ट्रॅक्टरांनी ती उपटली. म्हणजे यंत्र जुने असले तरी निगा ठेवली तर काम देते.

आजही कोणी शेतकरी कर्ज काढून जुना डोझर घेतो. इंजिनाचा आवाज ऐकतो आणि खूश होतो. खाली वाकून चेन मात्र बघत नाही. पुढे चेनच त्याला खर्चात घालते. म्हणून चेनची माहिती आम्ही येथे देत आहोत.

चेन कड्यांची बनते. दोन कड्या पिनेने जोडतात. पिनेवर पोलादी नळी असते, तिला बुश म्हणतात. कड्यांवर रुंद प्लेटा बसवतात. मागे दाते असलेले चाक असते, ते स्प्रॉकेट. त्याचे दाते बुशला धरून चेन ओढतात. पुढच्या मोठ्या चाकाला आयडलर म्हणतात.

चेन लांब झाली, असे लोक म्हणतात. मग लोखंड ताणले जाते का? नाही. पिन आणि बुश आतून झिजतात. प्रत्येक सांध्यात थोडी फट पडते. सगळ्या फटी मिळून चेन लांबते. मग बुश स्प्रॉकेटच्या खाचेत नीट बसत नाही, दात्यावर चढते. दाते टोकदार होतात. चेनबरोबर स्प्रॉकेटही वाया जाते.

आता मुख्य गोष्ट ऐका. पिन आणि बुश एकाच बाजूने जास्त झिजतात. दुसरी बाजू बरीचशी चांगली राहते. म्हणून चेन कारखान्यात नेऊन, दाबयंत्राने पिना व बुश काढून, अर्धा फेरा फिरवून परत बसवता येतात. जुनी चेन पुन्हा बरेच दिवस चालते. पण हे वेळेवर करावे लागते. बुश तडकली किंवा आरपार झिजली, की फिरवून उपयोग नाही. पावसाआधी घर शाकारतो ना, तसेच हे आहे.

चेनचा ताण कसा बघाल? ट्रॅक्टर थोडा पुढे चालवून सपाट जागी उभा करा. इंजिन बंद करा. आयडलरपासून वरच्या रोलरपर्यंत चेनवर दोरी ताणून धरा. मधोमध दोरी आणि चेन यांत किती अंतर आहे ते मोजा. पुष्कळ जुन्या यंत्रांत ते १ ते १॥ इंच ठेवतात. तुमच्या यंत्राच्या पुस्तकातले माप खरे मानावे. चेन फार सैल असली तर वळताना उतरते. फार ताठ असली तर लवकर झिजते आणि डिझेलही जास्त खाते. चिखल अडकला की चेन आपोआप ताठ होते. म्हणून रोज संध्याकाळी चिखल खरवडून काढा. गरज नसताना उलटे चालवू नका. उलट्या चालीत बुश आणि दाते जास्त झिजतात.

आता जिवाची गोष्ट. आयडलरच्या मागे जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिच्यात अनेक टनांचा जोर असतो. ती सुटली तर माणूस जागीच मरतो. ती गावात कधीही उघडू नका. काही यंत्रांत ग्रीस भरून चेन ताणतात. त्याचा व्हॉल्व्ह सैल करायचा तो फक्त एक फेरा, आणि तोंड बाजूला ठेवून. जोराने सुटलेले ग्रीस कातडीत घुसते.

चेन तोडताना एक खास पिन काढतात. तिला मास्टर पिन म्हणतात. घण मारताना पोलादाची कपची उडते आणि डोळा जातो. चष्मा लावल्याशिवाय घण उचलू नये. यंत्राखाली लाकडी ठोकळे लावा. चेन सुटली की धाडकन खाली येते. तिचे वजन कित्येक क्विंटल असते. पुढे कोणी उभे राहू नये, पोरांना तर जवळ येऊच देऊ नये.

जुने यंत्र घ्यायला जाल तेव्हा दोरी आणि फूटपट्टी बरोबर न्या. आधी दाते बघा, बुश बघा, चेन मोजा. मग इंजिनाचा आवाज ऐका आणि भाव ठरवा.