दिनदर्शिकेच्या पाठीवर

परवा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक जुनी दिनदर्शिका खाली आली. सन २०२० ची. किराणावाल्याने दिलेली, वर देवीचे चित्र, खाली तारखांची चौकट आणि मागची बाजू कोरी. आमच्या इंदूरच्या घरी वर्ष संपले म्हणून दिनदर्शिका टाकून देण्याची रीत नाही. तिची पाने डब्यांच्या तळाशी आणि फडताळात अंथरावयास उपयोगी पडतात. ही मात्र कशी शिल्लक राहिली होती, कोण जाणे. उलटून पाहिली तेव्हा उलगडा झाला. मार्च ते जून या चार पानांच्या पाठी बारीक, उभट अक्षरांनी भरलेल्या होत्या. अक्षर आमच्या थोरल्या काकूंचे.

दूध कोणत्या दिवशी किती आले, तूरडाळ कुठवर पुरेल, पुण्याचा फोन आला की नाही, कोणाच्या अंगात कणकण आहे, गच्चीवर कुरडया किती घातल्या, सारे तारीखवार. केरसुणी कोपऱ्यात तशीच राहिली आणि आम्ही सर्व त्या पानांभोवती बसलो.

वाचता वाचता एक विचार मनात आला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली होती. आपल्याकडची जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. आमचे कुटुंब तेव्हाही इंदुरातच होते. पण त्या साथीविषयी आमच्या घरात आज काय उरले आहे? ‘मानमोडीच्या साली घरातली दोन पाने कमी झाली’, एवढे एक वाक्य. ती दोघे कोण, त्या दिवसांत चूल कोणी पेटविली, पाणी कोणी भरले, शेजारचे कोणी डोकावले की नाही, यांतले काहीही कोणी टिपून ठेवले नाही. दुःख सरले, माणसे सावरली आणि विसरली. आपणही त्याच वाटेने निघालो आहोत असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

पाडवा

पहिली नोंद २२ मार्चची आहे. त्या रविवारी देशभर ‘जनता कर्फ्यू’ पाळावयाचा होता. दिवसभर गल्लीत चिटपाखरू नव्हते. सायंकाळी पाच वाजता आपापल्या दारात थाळ्या वाजविण्याचा कार्यक्रम होता, आणि आमचे शहर मुळातच उत्सवप्रिय! थाळ्या वाजवीत लोक थेट राजवाड्यावर जमले. ज्या गर्दीपासून दूर राहण्यासाठी दिवस घरात काढला, ती गर्दीच सायंकाळी रस्त्यावर आली. काकूंनी लिहिले आहे: ‘आम्ही ओटल्यावरूनच वाजविली. पितळी ताटाला पोचा पडला.’

२४ तारखेच्या रात्री एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसरा दिवस उजाडला तो गुढीपाडव्याचा. त्याच सुमारास शहरात पहिले रुग्ण आढळले होते व संचारबंदी लागली होती. गाठी आणावयाच्या राहिल्या होत्या. काकूंनी देवघरातल्या डब्यातले बत्तासे काढून ते दोऱ्यात ओवावयास घेतले. निम्मे फुटले, निम्मे गुढीला चढले. कडुनिंबाचा डहाळा मागच्या अंगणातून मिळाला. चक्का नव्हता म्हणून श्रीखंडाऐवजी शेवयांची खीर झाली. नववर्षाच्या शुभेच्छा द्यावयास कोणी आले नाही व आम्ही कोणाकडे गेलो नाही. असा पाडवा घरातल्या कोणाच्याही आठवणीत नव्हता.

मार्चअखेरीस निर्बंध इतके कडक झाले की काही दिवस किराणा आणि भाजीची दुकानेदेखील उघडली नाहीत. स्वच्छतेत देशात तोवर सलग तीनदा पहिला आलेला हा आमचा गाव. येथे कचरागाडी गाणे वाजवीत दारोदार येते. त्या दिवसांत साऱ्या गल्लीत त्या गाण्याखेरीज दुसरा आवाज नसे. पुढे त्याच गाडीवर किराण्याची यादी द्यावयाची आणि सामान घरपोच यावयाचे, अशी सोय आमच्या भागात झाली. एरवी ज्या गाडीला आपण नाकाला पदर लावून सामोरे जातो, तिची वाट लोक ओटल्यावर उभे राहून पाहू लागले. कोण कोणावाचून अडते याचा हिशेब त्या काळात चांगलाच उलटापालटा झाला.

घरातले दिवस

इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे आणि सोबत जिलबी लागते, तीही कोपऱ्यावरच्या दुकानातली. बाहेरचे पोहे बंद झाले तेव्हा घरोघरच्या गृहिणींची परीक्षा सुरू झाली. ‘आजचेही दुकानासारखे झाले नाहीत,’ असा शेरा काकूंच्या पानांवर चार ठिकाणी आहे. दुकानातले पोहे वाफेवर मऊ ठेवलेले असतात, फोडणीत कोरडे पडत नाहीत, हे शोधून काढावयास आम्हाला तीन आठवडे लागले. जिरावनची पुडी सोन्यासारखी जपून वापरली. ज्या सराफ्यात दिवसा दागिन्यांचा व्यापार चालतो आणि रात्री खाण्यापिण्याची झुंबड उडते, तो दिवसाही मुका आणि रात्रीही मुका झाला.

दुपारी पत्ते, रात्री नऊला रामायण. दूरदर्शनने १९८७-८८ सालची ती मालिका २८ मार्चपासून पुन्हा दाखवावयास घेतली होती. पूर्वी ती पाहावयास वाड्यातली चाळीस माणसे एका संचासमोर बसत. आता आम्ही पाचजण अंतर ठेवून बसलो. पुरुषांनी भांडी घासावयास घेतली. प्रथम कौतुक झाले, मग ती नित्याची झाली, आणि निर्बंध उठल्यावर ती पुन्हा कोणाकडे गेली, हे वाचकांना सांगावयास नकोच.

कामाला येणाऱ्या बाईंना आम्हीच ‘येऊ नका’ म्हणून कळविले होते. काकूंची नोंद: ‘सुशिक्षित घर. पगार दोन महिने दिला, तिसऱ्या महिन्याला सगळे गप्प. मी माझ्या पेन्शनीतून पाठविला.’ ही गोष्ट आम्हाला त्या पानावरून प्रथम कळली.

रेल्वे बंद, मोटारी बंद. धाकटे चिरंजीव पुण्यास अडकलेले. रोज सायंकाळी सातला त्यांचा फोन. ‘पुणे: बोलणे झाले. खोकला नाही.’ एवढीच नोंद, पण ती एक दिवसही चुकलेली नाही. जूनमध्ये बडोद्यास भाचीचे लग्न झाले. पन्नास माणसांची मर्यादा. त्यांत आमचे नाव बसणे शक्यच नव्हते. लग्न आम्ही मोबाईलवर पाहिले. मंगलाष्टके सुरू होताच काकूंनी नेमाने अक्षता उधळल्या. त्यांतल्या काही टेबलाखालून दिवाळीपर्यंत निघत होत्या.

हे सारे आपल्या सुखरूप घरातले. बाहेर काय चालले आहे ते मे महिन्यात दिसले. मुंबईकडून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता आमच्या शहराला वळसा घालून जातो. त्या रस्त्याने मुंबई, नाशिक, पुणे येथील मजूर आपापल्या गावी निघाले होते. कोणी ट्रकमध्ये दाटीने उभे, कोणी रिक्षातून, कोणी पायी, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल. शहरातल्या लोकांनी त्या रस्त्यावर अन्न, पाणी, चपला वाटल्या. गल्लीतली तरुण मुले सकाळी पोळ्या गोळा करावयास येत. आमच्या घरचा वाटा चाळीस पोळ्यांचा. काकूंनी एका दिवशी लिहिले आहे: ‘आज पोळ्यांबरोबर जुन्या चपलाही दिल्या. मुलगा म्हणाला, चपला आधी संपतात.’

खिडकी

आता त्या नोंदीकडे येतो, जिच्यामुळे आम्हाला हे लिहावेसे वाटले.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या घराच्या ओटल्यावर उघडते. मध्ये जेमतेम सहा हातांचा बोळ. समोरचे कुटुंब माळवी. तेथल्या भाभींचा आणि आमचा तीस वर्षांचा घरोबा. विरजण, कढीलिंब, सणाच्या वाट्या, सगळे त्या खिडकीतून जात-येत असे. एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या थोरल्या मुलाला संसर्ग झाल्याचे निघाले. गाडी येऊन त्याला घेऊन गेली, दारावर सूचनेचा कागद लागला, बांबू आडवे बांधले गेले.

त्या सायंकाळी आम्ही ती खिडकी लावली. लावा असे कोणी सांगितले नव्हते. हवेतून आजार येतो की नाही, यावर अर्धा तास चर्चा झाली आणि घरात वयस्क माणूस आहे, असे कारण पुढे करून कडी घातली गेली. ज्या वयस्क माणसाचे नाव पुढे केले, तिला विचारले नव्हते. पुढे सतरा दिवसांनी मुलगा बरा होऊन परतला, गल्लीने ओटल्या-ओटल्यांवरून टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या, काचेआडून.

काकूंच्या पानावर त्या दिवसापुढे दोनच वाक्ये आहेत. ‘आज समोरची खिडकी लावली. बरे केले नाही.’

वर्ष उलटले. २०२१ च्या मार्चमध्ये काकूंना लशीची पहिली मात्रा मिळाली आणि आता निभावले असे वाटले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली ती पहिलीहून कितीतरी क्रूर होती. प्राणवायूसाठी, औषधासाठी शहरात रांगा लागल्या होत्या. आमच्या घरी एकामागून एक चौघांना ताप आला आणि पाचव्या काकू. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. पायरी उतरताना ‘गॅसवर दूध आहे’ म्हणाल्या. तेवढेच त्यांचे शेवटचे बोलणे आमच्या कानी पडले. महिनाअखेरीस त्या गेल्या. वय एक्याऐंशी. अंत्यविधीला घरातले कोणी जाऊ शकले नाही; दहावा-तेरावा आम्ही घरीच, भटजींना फोनवर ऐकत केला.

त्या दिवसांत आमच्या दारावर कागद होता. पहिल्याच दिवशी दुपारी बोळातून हाक आली, ‘भाभी, डब्बा टाँग दिया है!’ कडीला कापडी पिशवी, तीत वरण, भात, पोळ्या. दोन्ही वेळा, अठरा दिवस. काकू गेल्या त्या रात्री पिशवीत नुसती मऊ खिचडी होती आणि तिच्यावर तूप जरा जास्त होते. भाभींनी खिडकीचा विषय काढला नाही. त्यांच्या घराची आमच्याकडची खिडकी सारे दिवस सताड उघडी होती.

आम्हीही तो विषय काढला नाही. वर्षे गेली. वाटीची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली आणि सगळे पूर्ववत झाले, असे मानून आम्ही चाललो होतो.

दुसरी एक दिवाळी

इंदूरच्या इतिहासात एक दिवाळी प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात शहर प्लेगने पोळलेले असताना नगररचनाकार पॅट्रिक गेडिस येथे आले होते. त्यांचा इंदूर दरबारला दिलेला अहवाल १९१८ साली छापला गेला. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढविली. तिच्यात प्लेगचा राक्षस होता आणि भलामोठा उंदीर होता. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या गल्ल्यांनी आपली घरे अधिक झाडून-सारवून, डागडुजी करून ठेवली असतील, त्या गल्ल्यांतून ती जाणार होती. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला. साथीशी लढावयाचे ते आधी आपल्या दारापासून, हे त्या परक्या माणसाने आमच्या गावाला सणाच्या भाषेत सांगितले.

या दिवाळीत आमच्या दाराशीही थोडे झाडावयाचे राहिले होते. फराळाचे ताट घेऊन आम्ही समोर गेलो आणि ताटाखाली दिनदर्शिकेचे ते पान नेले. भाभींना मराठी बोलता येत नाही, पण लिपी एकच. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर लावून वाचले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कडीचा आवाज आपण त्या दिवशी ऐकला होता. पुढे म्हणाल्या, ‘डर तो हमको भी था. हम भी शायद लगा लेते.’ आणि पान घडी घालून परत देताना विचारले, ‘काकीजी ने सच में लिखा, बरे केले नाही?’ आम्ही मान हलविली. ‘तो बस,’ म्हणाल्या आणि चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत, हे लगोलग सांगून टाकले.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रुग्णांचे आकडे, निर्बंधांचे हुकूम, तारखा हे सर्व सरकारदप्तरी राहील. इतिहासकारांना ते सापडेल. परंतु कोणत्या घराची खिडकी कोणी लावली आणि कोणाच्या कडीला पिशवी आली, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ते ज्याचे त्याने लिहावयाचे आहे. आपल्या घरी दिनदर्शिकेच्या पाठीवर, वहीच्या शेवटच्या पानावर, जेथे जागा असेल तेथे. जे बरे केले ते लिहावे. जे बरे केले नाही, तेही लिहावे.

काकूंची ती चार पाने आम्ही डब्यांच्या तळाशी घातलेली नाहीत. ती देवघराच्या कप्प्यात, पंचांगाशेजारी ठेवली आहेत. मागे अजून अर्धे पान कोरे आहे.