लाकडी धनुष्याची दोरी : दख्खनच्या हवेत कोणता धागा टिकतो

हैदराबादच्या दक्षिणेला आणि उत्तरेला पसरलेल्या पानझडी जंगलांत धनुष्याचे लाकूड फार शोधावे लागत नाही, कारण मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू तेथे उगवतो आणि ज्याच्या लवचीकपणामुळे पूर्वी गाड्यांच्या दांड्या व धनुष्ये केली जात, तो धामणही त्याच जंगलांतला वृक्ष आहे. घरी धनुष्य घडवणाऱ्याचे बहुतेक लक्ष हे लाकूड निवडण्यात, तासण्यात आणि मुठीच्या दोन्ही बाजूंचे बाहू सारखे वाकतील हे पाहण्यात जाते, आणि दोरी मात्र जी हाताशी येईल ती चढवली जाते. वस्तुतः बाहूंत साठलेली शक्ती बाणापर्यंत दोरीतूनच पोहोचते आणि बाण सुटल्यावर उरलेला झटकाही तीच झेलते. म्हणून दोरीची निवड लाकडाच्या निवडीइतकीच विचारपूर्वक व्हायला हवी.

प्राचीन भारतीयांनी हा विचार केलेला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगणाऱ्या अध्यायात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांची नोंद आहे, आणि लगेच दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधू नावाचे गवत, वेळू आणि जनावरांचे स्नायू असे सहा पदार्थ दिले आहेत. यांतली मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी तलवारीसारख्या लांब पानांची सॅन्सेव्हिएरिया मानतात, कोणी मोरवेल, तर कोणी राजमहालच्या डोंगरांतले लोक जिच्या सालीच्या दोऱ्या धनुष्याला लावीत ती मार्सडेनिया ही वेल. रुई, ताग आणि वेळू मात्र आजही हैदराबादच्या परिसरात सहज आढळतात.

दोरीची ताकद ही सर्वांना प्रथम सुचणारी कसोटी असली, तरी ती पुरी करणे सर्वांत सोपे आहे. दोरी तुटण्याचा भार धनुष्याच्या ओढीच्या किमान चौपट असावा, असा धनुष्य घडवणाऱ्यांचा सर्वसाधारण नियम आहे. ओढ म्हणजे दोरी पूर्ण मागे खेचायला लागणारे बल. ही चौपट अशासाठी, की बाण सुटल्यानंतर बाहू एकाएकी थांबतात आणि त्या क्षणी दोरीवर येणारा ताण ओढीपेक्षा पुष्कळ अधिक असतो. खरा प्रश्न लांबण्याचा, म्हणजे ताणाखाली दोरी किती वाढते याचा आहे. फार लांबणारी दोरी बाहूंची शक्ती स्वतःच गिळते आणि बाण मंदावतो. अजिबात न लांबणारी दोरी सगळा झटका खाचांवर, म्हणजे दोरी अडकवण्यासाठी बाहूंच्या टोकांना कोरलेल्या खोबणींवर टाकते आणि मऊ लाकूड तेथे चिरते. जवसासारखे सालीतले धागे तुटेपर्यंत सुमारे २ ते ३ टक्के लांबतात, कापूस ६ ते ८ टक्के, पॉलिएस्टर १० ते १५ टक्के आणि नायलॉन २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. नायलॉनची दोरी कितीही मजबूत असली तरी धनुष्याला निरुपयोगी का, हे या आकड्यांवरूनच कळते.

तिसरा गुण वजनाचा. दोरीचा मध्य बाणाइतक्याच वेगाने धावतो आणि तिची टोके बाहूंबरोबर हळू सरकतात, त्यामुळे गणिताने पाहता दोरीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा बाणाला जोडल्यासारखा होतो. ९ ग्रॅमची दोरी म्हणजे २५-३० ग्रॅमच्या बाणावर ३ ग्रॅमचे अधिक ओझे. जाडजूड दोरी सुरक्षित वाटते खरी, पण त्या सुरक्षिततेची किंमत बाणाच्या वेगातून वसूल होते.

या तिन्ही कसोट्यांना दख्खनच्या व मध्य भारताच्या आदिवासींनी दिलेले उत्तर विशेष आदराने पाहण्याजोगे आहे. खानदेश-सातपुड्यातील भिल्लांचा कामठा, म्हणजे धनुष्य, बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूचीच, म्हणजे सालीलगतच्या कठीण थराची उभी पट्टी काढून केलेली असते. बांबूचे सर्वांत दाट आणि बळकट तंतू याच थरात असल्यामुळे ती पट्टी जवळजवळ लांबत नाही, आणि धनुष्य व दोरी एकाच काठीतून मिळतात. अशी पट्टी तीव्र वळणावर मोडते, त्यामुळे तिच्या टोकांना वळलेल्या धाग्याचे फासे बांधून ते खाचेत अडकवावे लागतात. नल्लमलाच्या अमराबाद पठारावरील चेंचू हेही धनुर्धारी लोक. निझामाच्या राज्यात युद्धकाळात अडकून पडलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० पासून त्यांचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये त्यांच्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे धनुष्य मागे पडले असले, तरी त्यामागचे वनस्पतींचे ज्ञान हरवणे ही मोठी हानी ठरेल.

शहरात राहून स्वतःच्या हाताने दोरी वळू पाहणाऱ्यासाठी ताग हा सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे. येथे ताग म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरले जाणारे पिवळ्या फुलांचे पीक अभिप्रेत आहे, ज्यूट नव्हे. बेगम बाजारासारख्या घाऊक पेठेत मिळणारी सुतळी बहुधा ज्यूटची असते, आणि ज्यूट खरखरीत, ठिसूळ व दमटपणाने कमजोर होणारे असल्यामुळे धनुष्याला चालत नाही. तागाची खोडे काही दिवस पाण्यात कुजवून, धुऊन, वाळवून निघणारा वाख लांब आणि चिवट असतो. तेलंगणात गोंगुरा म्हणून ज्यांची पाने खाल्ली जातात, त्या अंबाडीच्या जातींपासूनही वाख मिळतो, परंतु तो जाडाभरडा असल्याने एकसारखी बारीक दोरी त्यातून साधत नाही. रुईच्या सालीतला तंतू रेशमासारखा बारीक आणि बळकट आहे. तो काढणे मात्र कष्टाचे आहे, आणि रुईचा चीक डोळ्याला गंभीर इजा करतो, म्हणून हे काम वाळलेल्या काड्यांवरच करावे.

हैदराबादला जून ते सप्टेंबर पावसाळी दमट हवा असते, आणि तेथे स्नायूंच्या दोरीचा, म्हणजे तातीचा, मोह टाळावा. ओलाव्याने तात सैल पडते व लांबते. रेशीमही भिजल्यावर काहीसे दुबळे होते. याउलट जवसासारखे सालीचे धागे ओले झाल्यावर अधिक बळकट होतात, आणि मधमाश्यांचे मेण चोळलेली दोरी ओलावा शोषतेही कमी.

संक्रांतीच्या दिवसांत हैदराबादच्या गल्लोगल्ली मिळणारा पतंगाचा मांजा या कामासाठी कधीही वापरू नये. काचेचा लेप खाचेला आणि बोटांना कापतो. नायलॉनचा मांजा तर पक्ष्यांच्या व माणसांच्या जिवावर उठल्यामुळे राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंद केला आहे.

कारखान्यात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी धनुष्यासाठी ताणून बनवलेला पॉलिएस्टर, म्हणजे डेक्रॉन, साध्या लाकडी धनुष्याला सर्वांत मानवतो, कारण त्याचे थोडेसे लांबणे झटका पचवते. त्याचा एक पेड साधारण २२ किलो भार सोसतो; १८ किलो ओढीच्या धनुष्याला हिशेबाने चार पेड पुरले असते, तरी १२ घेतात, कारण त्यामुळे ताण वाटला जाऊन लांबणे कमी होते आणि दोरी खाचेत व बाणाच्या मागच्या टोकाच्या चिरेत नीट बसते. स्पर्धेतल्या धनुष्यांवर दिसणारा अतिबळकट पॉलिएथिलीनचा धागा वेगवान असतो. पण तो बारीक आणि न लांबणारा असल्याने लाकडाच्या उघड्या खाचेत रुततो, आणि उन्हात तापला की कायम ताणाखाली हळूहळू वाढत जातो. तो वापरायचाच असेल, तर टोकांवर शिंगाचे किंवा कठीण लाकडाचे आवरण बसवून फाशाजवळ जादा पेड घालणे अनिवार्य आहे.

दोरी वळताना प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यावा आणि पेड एकमेकांभोवती उलट दिशेने वळावेत, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि दोरी उलगडत नाही. नैसर्गिक वाखाची जाडी जागोजागी बदलते व दोरी तिच्या सर्वांत दुबळ्या जागी तुटते, म्हणून तेथे चौपटीवर न थांबता सहापट ताकद धरणे इष्ट. बाण टेकतो तो मध्यभाग आणि दोन्ही फासे यांवर बारीक सूत घट्ट वेटाळावे, कारण घर्षण तेथेच होते. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत थोडी लांबतेच. ती काढून एक-दोन पीळ वाढवले की दोरी आणि मूठ यांमधले अंतर पुन्हा १५ ते १७ सेंटिमीटरवर येते. कुठेही तंतू निघालेले दिसले, तर ती दोरी बदलावी. आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नये, कारण बाणाने न्यायची शक्ती अशा वेळी दोरीवर आणि लाकडावरच आदळते व धनुष्य तुकड्यांनी फुटू शकते.