ऑनलाइन व्यापार : गाव केवळ ग्राहकच राहणार काय?

टपालाने माल मागवावा आणि तो हाती आल्यावर पोस्टमनजवळ पैसे द्यावेत, ही व्ही. पी. ची पद्धत आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके याच मार्गाने खेडोपाडी पोहोचली. न पाहिलेल्या विक्रेत्यावर विश्वास ठेवून वस्तू मागविणे म्हणूनच आपणास नवे नाही. पूर्वी सूचीपत्र टपालाने येत असे. आता अवघी बाजारपेठ तळहातावर आली आहे, इतकेच.

ही बाजारपेठ आज गावापर्यंत पोहोचली आहे; परंतु ती मुख्यतः खरेदीच्या रूपाने. गावचा पैसा बाहेर जाण्याची वाट रुंद झाली. गावचा माल बाहेर जाण्याची वाट तितकीच रुंद झाली आहे काय? ऑनलाइन व्यापाराच्या भवितव्याचा विचार ग्रामीण भागाने या प्रश्नापासून करावयास हवा.

खुले जाळे

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय पद्धतीचा प्रारंभ झाला. कोणत्याही बँकेच्या खातेदाराला कोणत्याही ॲपवरून दुसऱ्या बँकेतील खात्यात पैसे पाठविता येऊ लागले. ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात अशा व्यवहारांची संख्या प्रथमच १००० कोटींच्या वर गेली. हेच तत्त्व व्यापारास लागू करण्यासाठी केंद्र शासनाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ ही संस्था स्थापन झाली. एरवी विक्रेता व ग्राहक दोघांनाही एकाच कंपनीच्या दालनात यावे लागते. या खुल्या जाळ्यात विक्रेता एका ॲपवर आणि ग्राहक दुसऱ्या ॲपवर असला तरी सौदा होऊ शकतो. त्यामुळे लहान विक्रेत्यास एकाच कंपनीच्या अटींवर विसंबून राहावे लागत नाही.

नोंदणीची अडचण दूर

ऑनलाइन विक्रीसाठी उलाढाल कितीही अल्प असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी पूर्वी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट शिथिल झाली. महाराष्ट्रात वस्तूंच्या व्यापारासाठी सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाख रुपयांच्या मर्यादेत उलाढाल असणाऱ्यास, पॅनच्या आधारे केवळ एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्यांतर्गत विक्री करता येते. म्हणजेच सिंधुदुर्गातील बचत गटाचे कोकम नागपूरच्या ग्राहकास विकता येईल. राज्याबाहेर माल पाठवावयाचा असल्यास मात्र ही सवलत लागू नाही. खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही आवश्यक आहे.

हिशेब आणि विश्वास

केवळ नाव नोंदविल्याने विक्री होत नाही. कंपनीचे कमिशन, वेष्टन, वाहतूक आणि परत आलेला माल यांचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. अन्यथा विक्री वाढूनही हाती तोटाच येतो. छायाचित्रात दाखविली तीच वस्तू आणि सांगितले तेच वजन ग्राहकास मिळावे. एकदा गेलेली पत जाहिरातीने परत येत नाही.

ग्राहकाच्या बाजूने कायदाही सजग आहे. जुलै २०२० च्या नियमांनुसार ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असून एक महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही, हे विक्रेत्यांनीही पक्के ध्यानात ठेवावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे.

ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांना येथे मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. गावात विकण्याजोगे काय तयार होते, याची यादी ग्रामसभेत करावी. एखाद्या बचत गटाची नावनोंदणी करून देणे, मालाचे स्वच्छ छायाचित्र काढणे, खर्चाचा ताळा घालणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. गावात येणाऱ्या पार्सलांच्या गाडीत परतताना गावचा माल असेल, तेव्हाच हा व्यापार खऱ्या अर्थाने गावाचा झाला असे म्हणता येईल.