ध्वनिमुद्रिकेचा प्रवास
बेळगाव-निपाणीकडे एखादी दुर्मीळ ध्वनिमुद्रिका एक रसिक दुसऱ्यास ऐकवतो, तेव्हाच विसरलेला गायक पुन्हा घरात येतो. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या रॉक वाद्यवृंदाचेही तसेच झाले. १९७० च्या दशकातल्या या मंडळींची 'ऑब्सेशन ७७' ही ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेली होती. परदेशी संग्राहकांनी ती हुडकली आणि २०११ साली अमेरिकेतील 'नाऊ-अगेन'ने ती पुन्हा काढली. पण वाचकहो, ज्यांची ध्वनिमुद्रिकाच निघाली नाही, त्यांचे काय? आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू 'तीन पैशाचा तमाशा'मुळे नाट्यरसिकांस परिचित झाले. ते 'व्हेल्व्हेट फॉग' या रॉक वृंदात गात, हे मात्र कितीजणांस ठाऊक? २०१४ साली ते गेले. त्या मैफलींचे श्रोतेही आता सत्तरीत आहेत. त्यांना आजच विचारावयास हवे.