विजेचा छोटा हत्ती आणि नागावचे किलोमीटर

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालेला रस्ता आक्षी ओलांडून नागावात शिरला की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. या रस्त्यावरून दिवसभर काय काय वाहून नेलं जातं हे नुसतं पाहिलं तरी अष्टागर या किनारपट्टीतल्या या गावाचं अर्थकारण कळतं. वाडीतून बाहेर पडतात नारळ आणि सुपारीची पोती. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी आत येतात पाण्याचे जार, भाजीपाला, गॅस सिलिंडर, जादा गाद्या. कोळीवाड्यांकडे बर्फ जातो आणि नव्या बांधकामांवर सिमेंट. हा सगळा माल वाहतो तो छोटा हत्ती, म्हणजे टाटांची ‘एस’, नाहीतर पिकअप. गाडी बहुतेक वेळा पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणारी.

विजेची का नाही, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: महाग पडते. हे उत्तर अर्धंच खरं आहे. गाडी महाग की स्वस्त हे शोरूममधल्या पाटीवरून ठरत नाही, ती रोज किती धावते यावरून ठरतं. आणि नागावची अडचण नेमकी तिथंच आहे.

एरवी पेट्रोलच्या गाडीची विजेच्या गाडीशी तुलना करणं अवघड जातं, कारण बांधणी वेगळी, कंपनी वेगळी, ग्राहकही वेगळा. जून 2025 मध्ये मात्र टाटा मोटर्सनं ही तुलना सोपी करून दिली. ‘एस प्रो’ ही छोटी मालगाडी एकाच वेळी तीन रूपांत बाजारात आली: पेट्रोलवर 3.99 लाख रुपये, सीएनजी-पेट्रोल 4.99 लाख, आणि विजेवर 6.50 लाख. माल तेवढाच, साडेसातशे किलो. म्हणजे इंधन बदलण्याची किंमत थेट वजाबाकीनं मिळते: 2 लाख 51 हजार रुपये.

आता रोजचा खर्च. विजेच्या ‘एस प्रो’ची बॅटरी 14.4 किलोवॅट-तासांची आहे, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 14.4 युनिट. चाचणीत ती एका चार्जिंगमध्ये 155 किलोमीटर जाते. चाचणीतला आकडा आणि बर्फ लादलेल्या गाडीचा आकडा एक नसतो. म्हणून त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे 108 किलोमीटर धरू. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, तीही धरली तर किलोमीटरला साधारण 0.16 युनिट लागतं. युनिटला दहा रुपये धरले तर खर्च एक रुपया साठ पैसे. पेट्रोलच्या गाडीनं लिटरला 18 किलोमीटर दिले आणि पेट्रोल 104 रुपये धरलं तर किलोमीटरला पाच रुपये ऐंशी पैसे होतात. ही गृहीतकं माझी आहेत. ज्याची गाडी, त्यानं स्वतःचे आकडे घालावेत. पण फरक किलोमीटरमागे चार रुपयांच्या आसपासच राहील.

म्हणजे अडीच लाख जास्त मोजलेले वसूल करायचे, ते किलोमीटरला सव्वाचार रुपयांच्या दरानं. साठ हजार किलोमीटर झाले की गाडी फिटली. त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर नफ्याचा.

साठ हजार किलोमीटर कुणाला किती दिवसांत होतात? नागावहून अलिबागची बाजारपेठ आठ-नऊ किलोमीटरवर आहे. रोज एक फेरी मारणाऱ्याचे येऊन-जाऊन अठरा किलोमीटर होतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 5,400 किलोमीटर, म्हणजे साठ हजारांना अकरा वर्षं. तेवढा काळ खाऱ्या हवेत पत्रा तरी टिकेल का? आणि तीनशे दिवस हाही उदार हिशेब झाला. पावसाळ्यात पाहुणे आटतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बर्फाची वाहतूक थांबते.

दुसऱ्या टोकाला मुंबईचं भाडं मारणारा. पेण-वडखळमार्गे मुंबई शंभर किलोमीटरच्या आसपास, परतीसह दोनशेच्या वर. आठवड्यातून चार फेऱ्या मिळाल्या तर त्याचे पैसे दीड वर्षात फिटतील. पण एका चार्जिंगमध्ये तो कसाबसा पोचेल. परतण्याआधी बराच वेळ कुठेतरी गाडी चार्जिंगला लावून बसावं लागेल, आणि बाजार आटोपून पहाटे निघायचं असेल तर तेवढा वेळ कुणाकडे असतो?

म्हणजे जिथं बॅटरी आरामात पुरते तिथं पैसे वसूल होत नाहीत, आणि जिथं पैसे वसूल होतात तिथं बॅटरी पुरत नाही. विजेच्या मालगाडीला मागणी येते ती या दोन टोकांमधल्या पट्ट्यातून. रोज सत्तर ते शंभर किलोमीटर, ठरलेला रस्ता, रात्री गाडी घरी. नागावहून पेणची परतीसह फेरी ऐंशीच्या आत बसते. मांडव्याच्या जेट्टीची पन्नास-साठ किलोमीटर. दिवसाला ऐंशी म्हणजे वर्षाला 24 हजार, आणि अडीच वर्षांत साठ हजार. कर्जाचे हप्ते साधारण चार-पाच वर्षांचे असतात. त्याच्या निम्म्या मुदतीत गाडी फिटली तर व्यवहार चोख.

शहरांतल्या कंपन्यांनी हा पट्टा आधीच ओळखला होता. मे 2022 मध्ये टाटांनी पहिली विजेची ‘एस’ दाखवली तेव्हा ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट यांच्यासह अनेक कंपन्यांशी मिळून 39 हजार गाड्यांचे सामंजस्य करार झाले. करार म्हणजे विक्री नव्हे, हे खरं. पण ग्राहक कोण होते ते पाहा. ज्यांचा रस्ता, माल आणि दिवसाचे किलोमीटर आधीच ठरलेले आहेत असे घरपोच माल देणारे. मिळेल ते भाडं घेणारा गाडीमालक त्यात नव्हता.

त्या पहिल्या गाडीची किंमत जानेवारी 2023 मध्ये 9.99 लाख होती. अडीच वर्षांत 6.50 लाखांची गाडी आली, ही जादू कशी झाली? एक कारण बॅटरीचा भाव. ब्लूमबर्गच्या ऊर्जाविषयक अभ्यासगटाच्या पाहणीनुसार 2024 मध्ये जगात बॅटरी संचाची सरासरी किंमत किलोवॅट-तासाला 115 डॉलरपर्यंत उतरली. 2010 च्या सुमारास ती हजार डॉलरच्या वर होती. पण दुसरं कारण अधिक शहाणपणाचं आहे: कंपनीनं बॅटरीच लहान केली. पहिल्या गाडीत 21.3 किलोवॅट-तास होते, नव्या गाडीत 14.4. तरी चाचणीतला पल्ला जवळपास तेवढाच, 154 ऐवजी 155 किलोमीटर, कारण गाडीही लहान आणि हलकी केली.

अमेरिकेनं याच्या नेमकं उलट केलं. तिथला पिकअप हा अर्धा मालवाहू आणि अर्धा मिरवण्याचा. फोर्डनं मे 2021 मध्ये ‘एफ-150 लायटनिंग’ हा विजेचा पिकअप जाहीर केला तो 39,974 डॉलरला. नोंदणीसाठी झुंबड उडाली, दोन लाखांच्या घरात आकडा गेला. मग लिथियम महागलं, कच्चा माल महागला आणि मार्च 2023 पर्यंत त्याच स्वस्त आवृत्तीची किंमत 59,974 डॉलरवर पोचली. नोंदणी करणारे मागे सरकले. जुलै 2023 मध्ये फोर्डला ती 49,995 वर आणावी लागली. टेस्लाचा ‘सायबरट्रक’ 2019 मध्ये 39,900 डॉलरला जाहीर झाला आणि 2023 च्या अखेरीस हाती पडू लागला तेव्हा सर्वांत स्वस्त आवृत्तीची जाहीर किंमत 60,990 होती. सप्टेंबर 2025 च्या शेवटी तिथला साडेसात हजार डॉलरच्या करसवलतीचा टेकूही निघाला. डिसेंबरमध्ये फोर्डनं सध्याच्या स्वरूपातल्या ‘लायटनिंग’चं उत्पादन थांबवत असल्याचं सांगून टाकलं.

नाममात्र, परत मिळणाऱ्या रकमेवर केलेली नोंदणी म्हणजे मागणी नव्हे, हा त्यातला पहिला धडा. दुसरा धडा भौतिकशास्त्राचा. ‘लायटनिंग’च्या मोठ्या आवृत्तीत 131 किलोवॅट-तासांची बॅटरी होती, ‘एस प्रो’च्या नऊपट. किलोवॅट-तासाला 115 डॉलर या दरानं नुसती बॅटरी पंधरा हजार डॉलरची होते. तेवढ्या पैशांत नागावात विजेचे दोन छोटे हत्ती उभे राहतील. एवढी मोठी बॅटरी कशासाठी, तर वर्षातून चार वेळा मागे बोट किंवा फिरतं घर ओढायचं असतं म्हणून. आणि ते ओढायला लागलं की पल्ला निम्म्यावर येतो, हे तिथल्या अनेक चाचण्यांत दिसलं.

पल्ला असा का कोसळतो? गाडीला दोन गोष्टी मागे खेचतात. एक टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण. ते वजनाबरोबर वाढतं, वेगानं फारसं बदलत नाही. दुसरा हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. ताशी 35-40 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या छोट्या मालगाडीला हवा फार त्रास देत नाही. ऐंशीच्या वेगाला तीच हवा भिंतीसारखी उभी राहते. नागाव-चौल-रेवदंडा हा वाड्यांमधून वळणं घेत जाणारा रस्ता, समोरून मिनीडोअर रिक्षा आली की थांबावंच लागतं. डिझेलच्या गाडीला असा रस्ता नकोसा वाटतो. विजेच्या गाडीला तो मानवतो, कारण थांबल्यावर मोटर वीज खात नाही आणि वेग कमी होताना तीच मोटर जनित्र बनून थोडी वीज बॅटरीत परत घालते. तांत्रिकदृष्ट्या अष्टागर विजेच्या गाडीसाठी आखून दिल्यासारखं आहे. आर्थिकदृष्ट्या नाही.

सरकारनं काय केलं? एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. 22 सप्टेंबर 2025 पासून मालगाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांचा 5 टक्के होता तसाच राहिला. व्यापाऱ्याला हे स्वागतार्हच, पण पेट्रोलची गाडी त्यामुळे स्वस्त झाली. पूर्ण कपात ग्राहकाला मिळाली असं धरलं तर 3.99 लाखांची गाडी 3.68 लाखांच्या आसपास येते. म्हणजे अडीच लाखांची दरी पावणेतीन लाखांच्या पुढे गेली आणि साठ हजारांचे 67 हजार किलोमीटर झाले. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या 10,900 कोटींच्या योजनेनं तीनचाकींना आणि मोठ्या ट्रकना मदत देऊ केली, पण साडेतीन टनांपर्यंतची छोटी चारचाकी मालगाडी तिच्या यादीतच नाही. ही चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. गावाचा माल वाहणारी गाडी नेमकी तीच.

महाराष्ट्रानं 2025 च्या धोरणात हलक्या मालवाहू चारचाकींना मूळ किमतीच्या 15 टक्के सवलत जाहीर केली. ती पूर्ण हाती पडली तर नव्वदएक हजार रुपये वाचतात आणि वसुलीचा आकडा 45 हजार किलोमीटरवर येतो. हा फरक किरकोळ नाही. त्याच धोरणातून अटल सेतूवर विजेच्या मोटारी आणि बसना टोलमाफीही मिळाली. मालगाड्यांना मात्र ती नाही. मुंबईच्या श्रीमंत घरातली पन्नास लाखांची विजेची मोटार फुकटात अलिबागला येते आणि नारळ घेऊन जाणारा टेम्पो टोल भरतो.

किमतीत न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे: भीती. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळानं या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या आणि विजेचे खांबही. कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी पेट्रोल कॅनमधून आणता येतं, वीज आणता येत नाही. जुन्या विजेच्या गाडीला पुढे काय भाव येईल हेही अजून कुणी खात्रीनं सांगत नाही, म्हणून कर्ज देणाराही हात आखडता घेतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हीसुद्धा किंमतच आहे, फक्त ती पावतीवर छापलेली नसते. बॅटरी विकत न घेता भाड्यानं घेण्याची योजना किंवा बॅटरीची लांब मुदतीची हमी यांचा उपयोग इथं होतो: ती भीती मालकाच्या डोक्यावरून कंपनीच्या डोक्यावर जाते.

मधला पट्टा रुंद होण्याची चिन्हंही आहेत. रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या खाडीपुलाचं काम सुरू आहे. तो वापरात आला की नागावहून उरणची फेरी परतीसह शंभर किलोमीटरच्या आत येईल. आज पेणला वळसा घालणारा माल तेव्हा बॅटरीच्या आवाक्यात येईल. एक पूल बॅटरीचा पल्ला वाढवत नाही, पण बाजार जवळ आणतो, आणि हिशेबात दोन्ही सारखंच.

तोवर विजेची मालगाडी घ्यायचा विचार असणाऱ्यानं शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या सध्याच्या गाडीचे किलोमीटर लिहून ठेवावेत, एक महिना हंगामातला आणि एक पावसाळ्यातला. दोन्हींची सरासरी दिवसाला सत्तरच्या पुढे असेल, घरी चार्जिंगची सोय असेल आणि राज्याची सवलत खरोखर खात्यात जमा होत असेल तर गाडी घ्यावी. सरासरी चाळीसच्या खाली असेल तर आणखी दोन वर्षं थांबावं, किंवा शेजारच्या दोन वाड्यांशी मिळून एकच गाडी घ्यावी.